एक सूर्य बांधू या!



आजची सुरुवात एका कोड्यानं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आता या नावाची आद्याक्षरं लिहा : ना. वि. ज. आणि ती उलटीकडून वाचा : ज. वि. ना. ओळखलंत? बरोबर! जयंत विष्णू नारळीकर. तेव्हा ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत खगोलशास्त्रज्ञ होते. आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये, म्हणून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं.

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. विज्ञानकथेत कल्पना हवी तेवढी धावू दे, पण तिच्यातलं विज्ञान खोटं नको, असा त्यांचा आग्रह असे.

आज आपण तोच आग्रह धरून एक उद्योग करणार आहोत. एक सूर्य बांधायचा, त्याच्याभोवती ग्रह फिरवायचे आणि त्यातल्या एका ग्रहावर तुमच्यासारखी मुलं राहायला पाठवायची. सामान थोडंच : वही, पेन्सिल आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर. तो आईच्या मोबाइलमध्ये असतोच.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय! जांभळं आकाश, सोन्याचे डोंगर, तीन डोक्यांची माणसं. झाला ग्रह!” झाला खरा, पण दोन मिनिटांत झाला आणि दोन मिनिटांत त्याचा कंटाळाही येणार. वाडीत क्रिकेट खेळताना ‘खिडकीला लागला की आऊट’ हा नियम असतो, म्हणून तर खेळाला रंगत येते. इथंही तसंच. तुम्ही फक्त पाच गोष्टी ठरवायच्या : तारा, अंतर, आकार, कल आणि चंद्र. बाकीचं सगळं हिशेब सांगेल. आणि हिशेब जे सांगेल ते तुमच्या ग्रहावरच्या मुलांना भोगावं लागेल, हे विसरू नका हं!

आधी मोजपट्टी

सूर्यमाला वहीत मावायची कशी? आपण ती मध्य रेल्वेवर मांडू. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतराला आपण एक किलोमीटर म्हणू. सूर्य ठेवू छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे आजोबांच्या बोरीबंदरवर. या मापानं सूर्याचा गोळा सव्वानऊ मीटर रुंद होतो. म्हणजे गिरगावातल्या तीन मजली चाळीएवढा उंच! आणि आपली पृथ्वी? एक मोसंबं. मशीद स्टेशन यायच्या जरा आधी ते रुळांशेजारी पडलेलं असेल. त्याच्यापुढं अर्ध्या किलोमीटरवर एक लिंबू, तो मंगळ.

मग सँडहर्स्ट रोडपासून भायखळ्याकडे जाताना एकही ग्रह नाही, नुसते लघुग्रहांचे खडे. त्यातला सगळ्यात मोठा खडा वाटाण्याएवढा. चिंचपोकळीला, म्हणजे लालबागच्या दारात, गुरू. तो जवळजवळ मीटरभर रुंद. दादर सोडून थोडं पुढं गेलं की शनी. घाटकोपरच्या आसपास युरेनस. मुलुंड यायच्या आधी नेपच्यून. आणि सूर्याला सगळ्यात जवळचा शेजारी तारा? या मापानं तो पावणेतीन लाख किलोमीटरवर! म्हणजे खऱ्या पृथ्वीला जवळजवळ सात प्रदक्षिणा घालाल तेव्हा तिथं पोचाल. आकाश किती रिकामं आहे बघा.

आता वर्षाचा हिशेब. योहानेस केप्लर यानं १६१९ साली तो सांगून ठेवला. ग्रहाचं अंतर आपल्या किलोमीटरमध्ये घ्या. त्याचा घन करा. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या कितीपट आहे, त्या आकड्यानं भागा. उत्तराचं वर्गमूळ काढा. ते झालं तुमच्या ग्रहाचं वर्ष, आपल्या वर्षांत मोजलेलं.

पटत नसेल तर तपासून बघा. गुरू ५.२ किलोमीटरवर. घन केला की सुमारे १४०. वर्गमूळ जवळजवळ १२. म्हणूनच गुरूला बारा राशींतून फिरून यायला बारा वर्षं लागतात, आणि नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. शनी साडेनऊ किलोमीटरवर. त्याचं उत्तर येतं २९ वर्षांच्या वर, ३० च्या जवळ. तीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींत साडेसात. आजी ज्या साडेसातीला घाबरते, ती म्हणजे शनीच्या संथ चालीचा हा साधा हिशेब. आजीला वहीत मांडून दाखवा.

पहिली गोष्ट : तारा. दुसरी : अंतर

सगळ्यांना वाटतं, आपला तारा झगझगीत हवा. ठीक आहे. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा घेऊ, व्याध. थंडीच्या रात्री गच्चीवरून तो मुंबईतसुद्धा दिसतो. त्याचं वस्तुमान सूर्याच्या दुप्पट, पण प्रकाश मात्र पंचवीसपट.

हा तारा बोरीबंदरवर ठेवला तर मशीदजवळची पृथ्वी करपून जाईल. मग ग्रह किती लांब न्यायचा? प्रकाश जितके पट, त्याचं वर्गमूळ. पंचवीसचं वर्गमूळ पाच. म्हणजे ग्रह आला पाच किलोमीटरवर, थेट लालबागला! ऊन आता आपल्यासारखंच. पण वर्ष? पाचचा घन १२५, भागिले दोन, वर्गमूळ काढा. जवळजवळ आठ.

म्हणजे तुमच्या लालबागेत गणपती आठ वर्षांतून एकदा येणार! उन्हाळा दोन वर्षांचा, पावसाळा दोन वर्षांचा. तुम्ही सहावीत असाल तर तुमचा जेमतेम पहिला वाढदिवस होऊन गेलेला असेल.

पण खरी अडचण पुढंच आहे. व्याधाकडे जळण दुप्पट, खर्च पंचवीसपट. सूर्याचं एकूण आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षं. व्याध मात्र ८० ते १०० कोटी वर्षांत आपलं जळण संपवेल. आपली पृथ्वी ४५० कोटी वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यावर मोठे प्राणी आले ते अलीकडच्या सुमारे ६० कोटी वर्षांत. त्याआधी बहुतेक काळ डोळ्यांना न दिसणारे जीवच होते. आता सांगा, झगझगीत ताऱ्याच्या ग्रहावर मुलांना जन्माला यायला वेळ तरी मिळेल का?

मग उलट करू. एक मंद लाल तारा घेऊ. वस्तुमान सूर्याच्या पाव, प्रकाश शंभरावा हिस्सा. हा काटकसरी तारा हजारो कोटी वर्षं सहज पुरेल. ०.०१ चं वर्गमूळ ०.१, म्हणजे ग्रह हवा शंभर मीटरवर. स्टेशनबाहेर पडून समोरच्या महापालिकेच्या इमारतीकडे चालू लागलात की आलाच! वर्ष किती? स्वतः काढा बघू. माझं उत्तर २३ दिवस येतं. महिन्याला एकाहून जास्त वाढदिवस! मजा आहे.

पण थांबा. ताऱ्याच्या इतक्या जवळचा ग्रह बहुधा त्याला एकच बाजू दाखवत राहतो, जशी चंद्र आपल्याला दाखवतो. म्हणजे एका बाजूला कायम भर दुपार, दुसऱ्या बाजूला कायम मध्यरात्र. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कायमची संध्याकाळ. मुलांची वस्ती तिथंच वसवावी लागेल. त्यांना सूर्यास्त माहीत नसेल. ‘दिवेलागणीला घरी ये’ असं तिथली आई कसं सांगेल? घड्याळ शोधायची गरज त्यांना आपल्याआधी लागेल की नंतर? विचार करा.

हे सगळं थापा वाटतंय का? २०१७ साली शास्त्रज्ञांनी ट्रॅपिस्ट-१ नावाच्या लाल ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं जाहीर केलं. सातही साधारण पृथ्वीएवढे. आपल्या मापानं हे सातही ग्रह बोरीबंदरला उभ्या असलेल्या लोकलच्या तीन डब्यांच्या लांबीत मावतात! सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं, सगळ्यात बाहेरच्याचं एकोणीस दिवसांचं.

तिसरी गोष्ट : आकार

ग्रह पृथ्वीसारख्याच दगडमातीचा आणि तेवढ्याच घनतेचा घ्या. त्याची रुंदी दुप्पट केलीत तर त्याची ओढही दुप्पट होते. चाळीस किलोच्या मुलाला आपण ऐंशी किलोचे आहोत असं वाटेल. दादरच्या गोविंदा पथकाला तिथं नेलं तर खालच्या थरातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर दुप्पट भार, आणि वरून कुणी निसटला तर तो दुप्पट जोरानं आदळणार. हंडी खालीच बांधावी लागेल. झाडंही बुटकी आणि जाड बुंध्याची काढा.

मग ग्रह लहान करू, नऊच्या जागी अठरा थर लावू! पण लहान ग्रहाला हवा धरून ठेवता येत नाही. मंगळाची रुंदी पृथ्वीच्या निम्मी. त्याची बरीचशी हवा निसटून गेली, आणि आज तिथली हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाहूनही विरळ आहे. अठरा थर लागतील, पण ‘गोविंदा आला रे’ ओरडायला श्वास कुठून आणणार?

चौथी गोष्ट : कल

पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. म्हणून उन्हाळ्यात आपली जमीन तापते आणि समुद्रावरून मोसमी वारे धावत येतात. तुमच्या ग्रहाचा कल शून्य ठेवलात तर ऋतूच संपले. कल शून्य म्हणजे मोसमी पाऊस नाही, जूनमधली नवी छत्री नाही, आणि परळच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून घरी आल्याच्या बाबांच्या कथाही नाहीत! उलट कल खूप वाढवलात तर? युरेनस ९८ अंशांनी कललेला आहे, अगदी आडवाच. त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षं दिवस आणि ४२ वर्षं रात्र असते.

पाचवी गोष्ट : चंद्र

चंद्र नुसता शोभेला नसतो. चंद्र नाही तर तिथी नाहीत. मग चतुर्थी कुठली आणि कोजागरी कुठली? भरती-ओहोटीसुद्धा मुख्यतः चंद्राचंच काम. २०२५ साली लालबागच्या राजाची मूर्ती गिरगाव चौपाटीवर पोचली तेव्हा समुद्राला भरती आली होती, आणि विसर्जन कित्येक तास लांबलं. हजारो माणसं चंद्रामुळे ताटकळली होती म्हणा ना!

आता तुमच्या ग्रहाचा चंद्र आपल्या चंद्राच्या निम्म्या अंतरावर आणा. पौर्णिमा दर दहा दिवसांनी येईल. आकाशात तो दुप्पट रुंद दिसेल. काय सुंदर! पण भरती आणणारी ओढ दुप्पट होत नाही, चौपटही नाही, ती होते आठपट. तुमचं गिरगाव रोज दोनदा पाण्यात. म्हणजे एक तर चंद्र मागं न्या, नाही तर घरं डोंगरावर बांधा. ठरवणारे तुम्हीच.

“आणि दोन सूर्य चालतील का?” चालतील की! फक्त ग्रहाला दोघांपासून पुरेसं लांब ठेवा, नाही तर ओढाताणीत तो बाहेर फेकला जाईल. सिनेमावाल्यांनी १९७७ साली दोन सूर्यांचा मावळता देखावा दाखवला, आणि २०११ साली केप्लर-१६ बी हा दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह खरोखरच सापडला.

नियम पाळा, पण सवय मोडा

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा, १९९४ साली तुमच्या वयाच्या एखाद्या मुलानं असा आराखडा काढला असता : बोरीबंदरला तारा, आणि तिथून फक्त पन्नास मीटरवर गुरूसारखा अजस्र ग्रह, वर्ष चार दिवसांचं. मोठ्या माणसांनी काय म्हटलं असतं? “चूक! मोठे ग्रह लांब असतात. गुरू बघ कुठं आहे, लालबागला!”

पुढच्याच वर्षी, १९९५ साली, मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलो या शास्त्रज्ञांना महाश्व तारकासमूहातल्या एका ताऱ्याभोवती नेमका असा ग्रह सापडला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिलाच परका ग्रह. २०१९ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या ग्रहानं केप्लरचा कुठलाही नियम मोडलेला नाही. अंतराचा घन करा, वर्गमूळ काढा, चार दिवसच येतात! मोडली ती आपली सवय. आपल्याकडे मोठे ग्रह लांब आहेत, म्हणून सगळीकडे लांबच असणार, असं आपण धरून चाललो होतो. ओटो स्ट्रूव्ह नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं मात्र १९५२ सालीच लिहून ठेवलं होतं की मोठा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असायला काहीच हरकत नाही, आणि तो शोधायचा कसा हेही सुचवलं होतं. त्याच्याकडेही कागद, पेन्सिल आणि हिशेबच होता. त्याचं म्हणणं खरं ठरायला ४३ वर्षं लागली.

असाच एक ग्रह आपल्याही नावावर आहे बरं का. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं प्रत्येक देशाला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं बारसं करायला सांगितलं. भारताच्या वाट्याला षडंश तारकासमूहातला एक तारा आला. त्याचा ग्रह आपल्या मापानं पस्तीस मीटरवर, म्हणजे लोकलच्या दोन डब्यांच्याही आत. गुरूहून जड, आणि वर्ष दोन दिवस आणि काही तासांचं. ग्रहाला नाव मिळालं ‘संतमस’, म्हणजे झाकोळलेला. आणि ताऱ्याला नाव मिळालं ‘बिभा’.

बिभा कोण? बिभा चौधुरी (१९१३-१९९१). दार्जिलिंगच्या डोंगरावर फोटोच्या काचा ठेवून, आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे माग त्यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर तपासले. त्यात त्यांना एका नव्या कणाची चाहूल लागली होती. पण ते युद्धाचे दिवस होते. अधिक चांगल्या काचा मिळाल्या नाहीत आणि काम अडलं. पुढं चांगल्या काचा वापरून इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तो शोध पक्का केला आणि १९५० साली सेसिल पॉवेल यांना नोबेल मिळालं. बिभाताई १९४९ साली आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री-संशोधक म्हणून. कुलाब्याची आजची इमारत तेव्हा उभी राहायची होती. त्या हयात असताना त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आज एक अख्खा सूर्य त्यांच्या नावाचा आहे.

आता तुमची पाळी

वहीच्या एका पानावर तुमच्या जगाचा ‘जन्मदाखला’ तयार करा. त्यात एवढं हवं :

१. ताऱ्याचं नाव, वस्तुमान आणि प्रकाश (सूर्याच्या किती पट).
२. ग्रहाचं अंतर, बोरीबंदरपासून किती किलोमीटर आणि कुठल्या स्टेशनाजवळ.
३. वर्षाची लांबी. उत्तर नुसतं लिहू नका, हिशेब दाखवा.
४. रुंदी, आणि तिथं तुमचं वजन किती वाटेल.
५. कल किती, चंद्र किती, आणि किती लांब.
६. तिथं तुमच्याच वयाची एक मुलगी राहते. तिचा एक दिवस दहा ओळींत लिहा. अट एकच : प्रत्येक ओळीतली गोष्ट वरच्या आकड्यांमधून निघाली पाहिजे.

सहावा रकाना सगळ्यात अवघड आहे, आधीच सांगून ठेवतो. दिवस लिहिता लिहिता लक्षात येईल की एखादा आकडा चुकलाय आणि त्या बिचाऱ्या मुलीला प्यायला पाणीच नाही. मग खोडरबर घ्या आणि आकडा बदला. सूर्य हलवा, चंद्र मागं घ्या. आपल्या पृथ्वीवर हे सगळे आकडे एकाच वेळी जमून आलेत, हे त्या खाडाखोडीनंतर जेवढं पटतं तेवढं कुठल्याच धड्यानं पटत नाही.

आणि आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्या मुलानं काळी पानं असलेलं झाड काढलं तर “असं कुठं असतं का?” असं लगेच म्हणू नका. लाल ताऱ्याच्या ग्रहावर झाडं काळपट असू शकतील, असा काही शास्त्रज्ञांचाच अंदाज आहे. त्याऐवजी विचारा, “बरं, मग त्यामुळे तिथं काय काय होईल?” या प्रश्नानं मूल पुन्हा वहीकडे वळेल. पहिल्या प्रश्नानं मात्र ते वही मिटून ठेवेल.

चला तर, लागा कामाला! तुमचा ग्रह कुठल्या स्टेशनावर उतरला ते आम्हाला जरूर कळवा. आणि हो, दोघांचे ग्रह एकाच स्टेशनावर आले तर भांडू नका. वर्ष सारखंच आलं का, ते आधी ताडून बघा!